दूध संस्थेच्या कॉम्प्युटरसाठी फाइलसिस्टम निवडताना प्लग काढून केलेली तुलना

वाळवा तालुक्यातल्या एका गावाच्या दूध संस्थेचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. काट्यावर दूध मोजलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) सगळं थेट कॉम्प्युटरमध्ये येतं, उत्पादकाला पावती निघते आणि दर दहा दिवसांनी त्याच आकड्यांवरून बिल होतं. सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक. मशीनवर डेबियन लिनक्स, पोस्टग्रेस डेटाबेस, आणि इन्स्टॉल करताना आपोआप येते ती एक्स्ट४ फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या आणि शोधायच्या ते सांभाळणारी व्यवस्था. शिवाय एक दुसरी डिस्क आहे, तिच्यावर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालतं.

एका संध्याकाळी संकलन नुकतंच संपलं आणि लाईट गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली, मशीन धाडकन बंद. लाईट आल्यावर मशीन नीट चालू झालं, कुठे काही एरर नाही, डेटाबेसमधल्या नोंदी शेवटच्या उत्पादकापर्यंत जागेवर. फक्त पाळी संपल्यावर सॉफ्टवेअर संघाकडे पाठवायची जी फाइल बनवतं ती फाइल होती पण रिकामी. नाव बरोबर, तारीख बरोबर, साइज शून्य. आणि डेटाबेसमध्ये मात्र 'फाइल तयार झाली' असा शिक्का पडलेला, त्यामुळे सॉफ्टवेअर परत फाइल बनवायलाच तयार होईना. सचिव आण्णांनी रात्री बसून रजिस्टरवरून सगळं परत लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी जो तो सल्ले द्यायला लागला. एक म्हणाला लिनक्सची फाइलसिस्टमच कच्ची आहे, विंडोज टाका. दुसरा म्हणाला एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टम टाका, मोठ्या कंपन्या तेच वापरतात. आण्णांचं म्हणणं सरळ होतं, "सर, तुम्ही काय टाकायचं ते टाका, पण लाईट गेली तरी माझा आकडा हलता कामा नये, लोकांच्या घामाचे पैसे आहेत ते." मला ते पटलं, कारण खरा प्रश्न तोच होता. नेटवर फाइलसिस्टमच्या तुलना शोधल्या की सगळीकडे सेकंदाला किती एमबी याचेच तक्ते दिसतात. आमच्याकडे रांगेत एका माणसामागे अर्धा मिनिट तरी जातं, एवढ्याला कुठलीही फाइलसिस्टम पुरून उरते, वेगाचा इथे संबंधच नाही. मला हवं होतं ते एवढंच की करंट गेल्याक्षणी कोण काय जपतं. मग एक जुनं मशीन आणि एक सुटी डिस्क घेतली आणि प्लग काढून बघायचं ठरवलं.

आधी जर्नल म्हणजे काय ते थोडक्यात, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. फाइलसिस्टमला एक साधी फाइल बनवायची तरी चार ठिकाणी लिहावं लागतं, डिरेक्टरीत नाव, इनोड म्हणजे फाइलच्या माहितीचं कार्ड, डिस्कवरचा कुठला ब्लॉक म्हणजे जागेचा तुकडा वापरला त्याची नोंद वगैरे. मधेच करंट गेला तर दोन ठिकाणी लिहिलेलं आणि दोन ठिकाणी नाही. एक्स्ट२ च्या काळात अशा वेळी बूट होताना अख्खी डिस्क तपासली जायची, आणि डिस्क मोठी असली की त्यात खूप वेळ जायचा. जर्नलवाली फाइलसिस्टम आधी कच्च्या वहीत लिहिते, ते पूर्ण झाल्याची खूण करते, आणि मग पक्क्या वहीत चढवते. मधेच बंद पडलं तर पुढच्या वेळी माउंट होताना, म्हणजे डिस्क वापरासाठी जोडली जाताना, कच्ची वही वाचून अर्धवट राहिलेलं पुरं करते आणि खूण नसलेलं सोडून देते. काही सेकंदांत काम संपतं.

लिनक्समध्ये हे सगळं २००१ च्या आसपास एकदम आलं. मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पहिली आली ती रायझरएफएस, २.४.१ मध्ये. त्याच वर्षाच्या शेवटी स्टीफन ट्वीडीची एक्स्ट३ आली, तिचं मोठेपण हे की चालू एक्स्ट२ लाच एका कमांडनं जर्नल जोडता यायचं, डेटा हलवायची गरज नाही. आयबीएमनं जेएफएस दिली, एसजीआयनं एक्सएफएस, जी त्यांच्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टमवर १९९४ पासून चालत होती. यातली रायझरएफएस मी यादीतून लगेच काढली, ती ६.१३ या कर्नलमधून २०२५ मध्ये काढूनच टाकली. एकेकाळी लाखो बारीक फाइलींसाठी तिचं कौतुक होतं, आणि खरंच होतं, पण आज नव्या मशीनवर ती टाकण्यात अर्थ नाही. जेएफएस अजून आहे, प्रोसेसरवर हलकी आहे, पण तिच्यावर नवं काम फारसं होत नाही, अडचण आली तर विचारायला माणूस मिळणार नाही, म्हणून तीही बाजूला. बीटीआरएफएस तर या गटातलीच नाही, ती जुन्या जागेवर न लिहिता नव्या जागी लिहून मग पत्ता बदलते. तिचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) आणि डेटाचे चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा) मला आवडतात, पण सतत मधेमधे बदलणाऱ्या डेटाबेसच्या फाइलींचे तिच्यावर तुकडे तुकडे होतात, आणि ते टाळायला त्या फाइलींपुरतं नव्या जागी लिहिणं बंद केलं की चेकसमही जातो. तेव्हा खरी तुलना राहिली एक्स्ट४ आणि एक्सएफएसची.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एक्सएफएसचं जर्नल फक्त मेटाडेटा लिहितं, म्हणजे नाव, साइज, ब्लॉकचे पत्ते. फाइलच्या आतला मजकूर त्यात नसतो. एक्स्ट४ मध्ये तीन पर्याय आहेत. राइटबॅकमध्ये मजकुराची काही हमी नाही. ऑर्डर्ड म्हणजे मेटाडेटाची खूण करायच्या आधी मजकूर डिस्कवर टाकायचा, हा नेहमीचा. आणि तिसरा डेटा=जर्नल, ज्यात मजकूरसुद्धा आधी जर्नलमध्ये जातो. म्हणजे जर्नल आहे म्हणून माझी फाइल सुरक्षित असं जे सगळे धरून चालतात ते बरोबर नाही. जर्नल फाइलसिस्टमचा सांगाडा जपतं. त्या संध्याकाळी एक्स्ट४ नं आपलं काम चोख केलं होतं, शून्य साइजची फाइल ही तिच्या हिशोबानं एकदम नियमातली फाइल आहे.

मग ऑर्डर्ड असून फाइल रिकामी का, तर डिलेड अ‍ॅलोकेशन. एक्स्ट३ प्रोग्रॅमनं लिहिलं की लगेच ब्लॉक ठरवायची, आणि दर पाच सेकंदांनी जर्नलची खूण व्हायची तेव्हा मजकूरही सोबत डिस्कवर जायचा. त्यामुळे लोकांना सवय लागली की काही केलं नाही तरी पाच सेकंदांत सगळं पक्कं होतं. एक्स्ट४ आणि एक्सएफएस दोघीही ब्लॉक ठरवायचं काम पुढे ढकलतात, मजकूर मेमरीत राहतो, कर्नलच्या नेहमीच्या सेटिंगला तीस सेकंदांपर्यंत. ब्लॉकच ठरला नाही तर ऑर्डर्डला आधी लिहायला काही नसतंच, मग नाव जर्नलमध्ये जातं आणि मजकूर जात नाही. २००९ मध्ये उबुंटू ९.०४ च्या चाचणीच्या काळात हाच ओरडा झाला होता, मशीन क्रॅश झालं की लोकांच्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या व्हायच्या. एक्स्ट४ सांभाळणाऱ्या थिओडोर त्सो यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं की डेटा हवा असेल तर प्रोग्रॅमनं एफसिंक ('हे आत्ता डिस्कवर पक्कं लिही' असा हुकूम) मारलंच पाहिजे, आणि सोबत २.६.३० मध्ये एक सोयही करून दिली. जुन्या फाइलीवर नवी फाइल रीनेम केली, किंवा जुनी फाइल रिकामी करून परत लिहिली, तर एक्स्ट४ मजकूर लगेच डिस्ककडे ढकलते. पण अगदी नवीन फाइल असेल तर ही सोय लागू नाही, आणि आमच्या सॉफ्टवेअरची पाळीची फाइल रोज नव्या नावाची.

हे सगळं वाचून माहीत होतं, तरी डोळ्यांनी बघायचं होतं. पहिली चाचणी सोपी, एक छोटी स्क्रिप्ट नवीन फाइल बनवते, त्यात शेदोनशे ओळी लिहिते, बंद करते, एफसिंक नाही. नंतर दहाएक सेकंद थांबून भिंतीवरचं बटण बंद. नेहमीच्या एक्स्ट४ वर फाइल शून्य. एक्सएफएसवर पण शून्य. (जुन्या एक्सएफएसवर साइज बरोबर पण आत सगळी शून्यं भरलेली अशी फाइल मिळायची, ते २००७ मध्ये दुरुस्त झालं.) मग एक्स्ट४ ला माउंट करताना नोडीलअ‍ॅलॉक दिलं, म्हणजे ब्लॉक ठरवायचं काम पुढे ढकलू नको. तीच स्क्रिप्ट, तेवढंच थांबलो, बटण बंद, आणि फाइल पूर्ण. डेटा=जर्नल लावूनही पूर्ण. मग रीनेमवाली चाचणी केली, जुन्या फाइलीच्या जागी नवी, एफसिंक न मारता. एक्स्ट४ वर फाइल भरलेली मिळाली, एक्सएफएसवर शून्य मिळू शकते आणि मला मिळालीही. एक्सएफएसवाल्यांची भूमिका पहिल्यापासून कडक आहे, प्रोग्रॅमनं मागितलं नाही ते आम्ही देणार नाही. तत्त्व म्हणून मला ती मान्य आहे, पण गावातल्या मशीनवर दुसऱ्यानं लिहिलेलं सॉफ्टवेअर चालतं आणि त्याचा कोड माझ्या हातात नाही, तिथे एक्स्ट४ ची सांभाळून घ्यायची वृत्ती मला जास्त उपयोगाची वाटते.

दुसरी चाचणी एफसिंक खरं आहे का याची. यासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांची डिस्कचेकर नावाची जुनी स्क्रिप्ट आहे, ब्लॉगची लाइव्हजर्नल साइट काढणारे तेच. कल्पना इतकी साधी आणि इतकी पक्की आहे की मी त्यावरून माझी छोटी आवृत्ती लिहिली. चाचणीचं मशीन फाइलमध्ये एक आकडा लिहितं, एफसिंक मारतं, एफसिंक झालं असं उत्तर आलं की मगच तो आकडा नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपला कळवतं. मग पुढचा आकडा. मधेच प्लग ओढायचा. मशीन परत चालू केल्यावर फाइलमधला शेवटचा आकडा लॅपटॉपवरच्या शेवटच्या आकड्याइतका किंवा त्याच्या पुढचा हवा. मागे असेल तर कुणीतरी झालं म्हणून खोटं सांगितलंय.

इथे एक गोष्ट नक्की सांगतो, ही चाचणी रीबूट करून होत नाही. कीबोर्डवरच्या सिसआरक्यू या खास कळीनं मशीन एकदम रीबूट करता येतं, कर्नलच्या मेमरीतलं सगळं जातं, पण डिस्कला करंट चालूच राहतो आणि तिच्या स्वतःच्या कॅशमधलं, म्हणजे आतल्या तात्पुरत्या मेमरीतलं, ती सावकाश लिहून टाकते. करंटच तोडला तर ते कॅशही जातं. व्हर्च्युअल मशीन मारून केलेल्या चाचण्यांचं पण तेच, त्यातून फाइलसिस्टमचं वागणं कळतं, डिस्कचं नाही.

मशीनमध्ये थेट लावलेल्या हार्ड डिस्कवर दोन्ही फाइलसिस्टम पास, प्रत्येक वेळी. एफसिंकचा वेग सेकंदाला शंभराच्या खालीच, आणि ते तसंच असायला हवं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, त्याच जागी परत लिहायला एक फेरी तरी लागणारच, वर जर्नलचं लिहिणं वेगळं. मग तीच चाचणी बॅकअपसाठी घेतलेल्या एका यूएसबी डब्यातल्या डिस्कवर केली आणि वेग आला हजारांत. फिरणाऱ्या डिस्कला हे शक्यच नाही. प्लग ओढला तर लॅपटॉपवर आलेले कितीतरी आकडे फाइलमध्ये नाहीतच. एक्स्ट४ असो नाहीतर एक्सएफएस, दोन्हीकडे तोच प्रकार, आणि एकदा तर एक्स्ट४ ची तपासणी सक्तीनं चालवली तेव्हा आत चुकाही निघाल्या, जर्नल असून. कारण जर्नलची सगळी ताकद क्रमावर आहे, आधी हे लिही, ते खरंच लिहून झालं की मग खूण लिही. त्यासाठी फाइलसिस्टम डिस्कला कॅश रिकामं करायचा हुकूम देते. डब्यातला चिप तो हुकूम पुढे पोचवतच नसेल तर खूण आधी आणि मजकूर नंतर असं होऊ शकतं, मग कुठलीही फाइलसिस्टम घ्या. डिस्कचं कॅश बंद करायची कमांडही त्या डब्यातून पलीकडे गेली नाही. तो डबा आता फक्त रात्रीची कॉपी ठेवायला, चालू डेटा त्यावर कधीच नाही.

एवढं झाल्यावर निवड अवघड राहिली नाही. डेटाबेसच्या डिस्कवर एक्स्ट४ च ठेवली, ऑर्डर्ड आणि सोबत नोडीलअ‍ॅलॉक. डेटा=जर्नल का नाही, तर तो सगळं दोनदा लिहितो आणि पोस्टग्रेस स्वतः आधी स्वतःच्या लॉगमध्ये लिहून एफसिंक मारतोच, वरून आणखी एकदा कशाला. पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये एफसिंक चालू आहे हे मात्र उघडून बघितलं, वेग वाढवायला ते बंद करा असं सांगणारे भेटतात, ज्यांच्याकडे लोकांच्या पैशांचा हिशोब आहे त्यांनी त्यांचं अजिबात ऐकू नये. आणि आवृत्तीही बघा, २०१८ मध्ये हे उघड झालं की लिनक्सवर एफसिंक एकदा फेल झालं तर दुसऱ्यांदा मारल्यावर ते यशस्वी म्हणून येतं, आणि मधला डेटा गेलेला असतो. पोस्टग्रेसनं २०१९ च्या सुरुवातीला बदल केला, आता एफसिंक फेल झालं की ते स्वतःला बंद करतं आणि लॉगमधून परत उभं राहतं.

कॅमेऱ्याच्या डिस्कवर मात्र एक्सएफएस टाकली. तिथे मोठमोठ्या फाइली एकाच वेळी वाढत असतात आणि जुन्या सतत पुसल्या जातात, हे तिचं घरचं काम आहे. ती डिस्कचे भाग पाडून वेगवेगळ्या ठिकाणी एकदम जागा देऊ शकते, वाढत्या फाइलीला पुढची जागा आधीच धरून ठेवते, त्यामुळे रेकॉर्डिंगचे तुकडे कमी होतात. इनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरवून टाकायची भानगड नाही. एक्स्ट४ मध्ये पाच टक्के जागा रूटसाठी (मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिनसाठी) राखून ठेवलेली असते, २ टीबीच्या डिस्कवर म्हणजे जवळपास १०० जीबी, ती एका कमांडनं सोडवता येते पण कितीतरी जणांना माहीतच नसतं. लाईट गेल्यावर व्हिडिओचे शेवटचे काही सेकंद गेले तर संस्थेचं काही बिघडत नाही. एक्सएफएसची एक अडचण लक्षात ठेवा, तिची जागा वाढवता येते पण व्यवहारात कमी करता येत नाही, म्हणून पूर्ण डिस्क एकाच कामाला असेल तिथेच मी ती सुचवतो.

अजून एक, एक्सएफएस टाकणाऱ्यांसाठी. लाईट गेल्यावर तिचं जर्नल माउंट करतानाच खेळवलं जातं, बूट होताना चालणारा तिचा एफएससीके, म्हणजे तपासणीचा प्रोग्रॅम, मुद्दाम काहीच करत नाही. माउंट न करता रिपेअर चालवलं तर ते अडून बसतं आणि सांगतं की लॉगमध्ये, म्हणजे जर्नलमध्ये, मोलाचे बदल शिल्लक आहेत, आधी माउंट करा. अशा वेळी जर्नल पुसून पुढे जायचा एक पर्याय असतो आणि 'तो मार, चालू होईल' असं सांगणारे बरेच असतात. चालू होईल, पण जे बदल वाचले असते तेच पुसून. माउंट खरंच होत नसेल तर आधी डिस्कची अख्खी कॉपी काढा, पर्यायाचं नंतर बघा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याशी मी सविस्तर बोललो, त्याला रिकाम्या फाइलीचे स्क्रीनशॉट आणि माझी स्क्रिप्ट दोन्ही पाठवलं. मुलगा समजूतदार निघाला. आता फाइल आधी तात्पुरत्या नावानं लिहिली जाते, तिच्यावर एफसिंक, मग खऱ्या नावावर रीनेम, मग त्या डिरेक्टरीवर एफसिंक, आणि हे सगळं यशस्वी झाल्यावरच डेटाबेसमध्ये 'फाइल तयार झाली' हा शिक्का. शिवाय शिक्का असला तरी फाइल परत बनवायचं बटण दिलंय. आण्णांना त्या बटणाचा सगळ्यात जास्त आनंद झाला. त्यांच्या समोर चाचणीच्या मशीनवर नवी आवृत्ती चालवली, फाइल झाल्याचा संदेश आला त्या क्षणी त्यांनाच प्लग ओढायला लावला. चालू केल्यावर त्यांनी स्वतः फाइल उघडून लिटरची बेरीज पावत्यांशी लावून बघितली आणि म्हणाले, "आता यूपीएसची बॅटरी पण मंजूर करून घेतो मीटिंगमध्ये." बॅटरी आली. तरीही नोडीलअ‍ॅलॉक तसंच ठेवलंय, बॅटरी कधीतरी परत उतरणारच.

डिस्क किंवा केबल काहीही बदललं तर आकड्यांची चाचणी परत चालवायची असं ठरलंय, स्क्रिप्ट त्याच मशीनवर ठेवली आहे. संस्था आता डेटाबेससाठी एसएसडी घ्यायची म्हणतेय. करंट गेल्यावर कॅशमधलं लिहून काढण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असलेली घ्या असं सांगितलंय, थोडी महाग पडते. ती आली की संस्थेत लावायच्या आधी माझ्याकडे येईल, एक्स्ट४ टाकून, आकडे चालू करून, प्लग ओढायला.